तीन महिने काढा, तीन महिने गोळी

मोटार शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. ठमीने नऊ वर्षांच्या नोकरीत तो हजारो वेळा दाबला असेल, पण त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला तिने तो दाबला तेव्हा रस्ता मोकळा होता, सिग्नल हिरवा होता आणि स्टिअरिंगवर बसलेले दातांचे डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदाच गचका न देता तिसऱ्या गिअरमध्ये गेले होते.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"माझं काय चुकलं?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही छान चालवत होतात," ठमी म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता येईना. बेंबीखाली, डाव्या अंगाला, ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी तसं पोट पिळवटत होतं. कळ मांडीतून पायात उतरली होती. ब्रेक तिने दाबला असं म्हणण्यापेक्षा पाय आखडला आणि मध्ये ब्रेक आला, हेच खरं.

ठमी हे तिचं घरातलं नाव. वय चौतीस झालं तरी घरच्यांनी ते सोडलं नव्हतं. बाहेर तिला सगळे मॅडम म्हणत. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी, आणि शिकणाऱ्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी "हरकत नाही, वरून कसं दिसतं तेही कळलं" असं म्हणणारी. एकाच बाबतीत तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला तिच्या पोटात हे असं व्हायचं. आई म्हणायची, दुखतंच. शाळेतल्या बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच दुखतं. एका डॉक्टरांनी सांगितलं, लग्न झालं की थांबेल. दुसऱ्यांनी सांगितलं, मूल झालं की थांबेल. नवरा आणि मूल ही पोटदुखीची औषधं असतील तर ती मेडिकलच्या दुकानात का मिळत नाहीत, असं तिने त्यांना विचारलं होतं. ते हसले नाहीत. त्यानंतर तिनेही कुणाला विचारणं सोडून दिलं. दोन गोळ्या घ्यायच्या, दात आवळायचे, कामावर जायचं.

आता ते आवळलेले दात दातांच्याच डॉक्टरांसमोर आले होते.

"मॅडम, असे चेहरे मी रोज बघतो," ते म्हणाले. "किती वेळ दुखतंय?"

"वीस वर्षं."

"आजचं विचारतोय."

"सकाळी सहापासून."

"माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टर बसतात. आत्ताच्या आत्ता चला."

"कोण नेणार?" ठमीने विचारलं. मग दोघांनीही स्टिअरिंगकडे पाहिलं.

दातांचे डॉक्टर बावन्न वर्षांचे होते, आणि दोन हजार अक्कलदाढा उपटलेल्या त्या माणसाला चौकात उजवीकडे वळायची भीती वाटायची. त्यांचे शिकण्याचे फक्त सहा तास झाले होते. पण त्यांनी घाम पुसला, आरसा नीट केला आणि गाडी काढली. ठमी शेजारी दुमडून बसली होती आणि दातांतून सूचना देत होती. "क्लच. हळू. आई गं. सोडा आता." यातलं शिकवणं कुठलं आणि कण्हणं कुठलं हे त्यांना कळेना, म्हणून तिने आई गं म्हटलं की ते वेग कमी करत. मोठ्या गोल चौकाला त्यांनी दोनदा प्रदक्षिणा घातली, कारण बाहेर पडायची वाट एक बस अडवून उभी होती. तिसऱ्या फेरीत ते बसच्या पुढून निघाले. दवाखान्याशी पोचल्यावर त्यांनी गाडी दोन गाड्यांच्या मध्ये मागे घेऊन लावली, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन क्षणभर तसेच बसून राहिले.

"पास," ठमी कशीबशी म्हणाली.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधणाऱ्यांपैकी. त्यांनी जे प्रश्न विचारले ते आजवर कुणी विचारलेच नव्हते. संडासला जाताना दुखतं का? पाळी नसतानाही दुखतं का? महिन्यात किती दिवस कामावर जाता येत नाही? कुणाबरोबर संबंध असतील तर तेव्हा दुखतं का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी पत्ता विचारावा इतक्या सहज विचारला, म्हणून ठमीनेही तितकंच सहज उत्तर दिलं. मग सोनोग्राफी झाली.

"याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं ना, तसंच अस्तर बाहेर भलत्याच ठिकाणी उगवतं. दर महिन्याला आतलं सुजतं आणि गळतं, तसं तेही करायला बघतं. पण त्याला बाहेर पडायची वाट नाही, म्हणून आतल्या आत धुमाकूळ. तुमच्या डाव्या बीजकोशावर एक गाठ आहे, साडेतीन सेंटीमीटरची. आत जुनं रक्त साठून काळपट झालेलं असतं, म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात."

"म्हणजे मी नाटक करत नव्हते," ठमी म्हणाली.

"असं कुणी म्हणालं होतं?"

"मीच. मनातल्या मनात, बरीच वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं आणि मग पुढचं सांगितलं. हा आजार मुळापासून जाईल असं वचन कुणी देऊ नये, पण तो ताब्यात ठेवता येतो. पहिली पायरी हार्मोनची गोळी. पाळी थांबते किंवा अगदी कमी होते, आणि ते भलत्या ठिकाणचं अस्तरही गप्प बसतं. सुरुवातीला अधूनमधून थोडं रक्त जाईल, डोकं दुखेल, चिडचिड होईल, काहींचा मूड पडतो. जमलं नाही तर गोळी बदलता येते, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधनही असतं, आणि गाठ वाढली तर दुर्बिणीतून ऑपरेशन.

"ही गर्भनिरोधक गोळी ना? माझं लग्न झालेलं नाही."

"ते गोळीला माहीत नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढे मूल हवंसं वाटलं तर बंद करता येते. सावकाश विचार करा, पण विचार करा."

ठमीने गोळ्या विकत घेतल्या आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली सारून दिल्या. पंधरा दिवस त्या तिथेच राहिल्या. ऑफिसातल्या एकीचं या गोळ्यांनी वजन वाढलं होतं म्हणे. एक मैत्रीण महिनाभर कारण नसताना रडत होती. पण खरी मेख वेगळीच होती. दोन दिवस पोट दुखतं असं म्हणणं सोपं होतं. रोज सकाळी न चुकता गोळी घ्यायची म्हणजे आपल्याला आजार आहे हे रोज सकाळी नव्याने कबूल करायचं.

आत्याला मात्र तिने फोनवर गाठीचं तेवढं सांगून टाकलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, बाल्कनीत छत्तीस कुंड्या असलेली. एक कुंडी सर्दीची, एक सांध्यांची, एक झोपेची. डॉक्टरकडे जाणं म्हणजे तिच्या लेखी कुंड्यांचा अपमान. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ती आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातलं चॉकलेट काढून पिशवीत घातलं.

"आत्या, ते नुसतं नाव आहे. चॉकलेटचा काही संबंध नाही."

"नाव उगाच पडत नाही," आत्या म्हणाली. ते चॉकलेट नंतर तिने घरी जाताना बसमध्ये खाल्लं, हे बऱ्याच काळाने कळलं.

आणि बाबा? बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासले, पेट्रोल पंपाची मापं तपासली, आणि निवृत्त झाल्यावरही भाजीवाल्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे वाकून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाप-लेक जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलत, पण हा विषय आईच्या खात्यातला, आणि ते खातं कुणी पुढे चालवलं नव्हतं. ठमी उशी पोटाशी धरून पडली की बाबा शेगडीवर पाणी तापवत, रबरी पिशवी भरत, दाराशी ठेवत आणि टकटक करून निघून जात.

दर रविवारी ते लेकीच्या गाडीच्या चाकांतली हवा मापत. त्या रविवारी हवेचं माप लिहून ठेवायची वही काढायला त्यांनी कप्पा उघडला आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात आलं. पाकिटातला कागद उलगडला तो वर्तमानपत्राएवढा निघाला. बाबांनी भिंग आणलं आणि खिडकीशी बसून दीड तास तो कागद पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचला.

संध्याकाळी आत्याही आलेली होती. बाबांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"या कसल्या गोळ्या?" आत्याने पाकीट हातात घेऊन नाव वाचलं आणि ते विस्तवासारखं खाली ठेवलं. "अगं, या तर त्या गोळ्या. कुमारिकेला? आणि शरीराचा नेम बिघडला म्हणजे? निसर्गाने ठरवून दिलेलं बंद पाडायचं म्हणजे काय पंखा आहे का तो?"

"निसर्गाने मला साडेतीन सेंटीमीटरची गाठही ठरवून दिलीये, आत्या."

"तिला माझ्याकडे उपाय आहे. तीन महिने काढा घे, चालायला जा, मैदा सोड, पोट शेक. आपोआप जिरेल."

दोघींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा साफ केला. "या कागदात लिहिलंय की शंभरांत दहा जणींपर्यंत डोकं दुखू शकतं. म्हणजे निदान नव्वद जणींचं दुखत नाही, पण ते कुणी छापत नाही. आणि ताई, तुझ्या काढ्याबरोबर तर कागदच येत नाही. म्हणजे दोन्हीकडे माहिती अपुरी." ते थांबले. "मला या विषयातलं काही कळत नाही. मला फक्त मापायला येतं. तेव्हा आपण मापू."

ठरलं असं की पहिले तीन महिने आत्याचे, पुढचे तीन गोळीचे. ठमीने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ लहान आहे, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायचीच आहे, थांबायला हरकत नाही. पण एकदम जोराची कळ आली, ताप आला, तर निसर्गाची वाट बघत बसायचं नाही. आणि काढ्यात काय काय आहे ते आधी लिहून आणा. आत्याने अकरा नावं लिहून दिली आणि बारावं गुपित ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी बारावंही मागवून घेतलं. ते नुसतं आलं होतं.

बाबांनी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला आणि दोन खोल्यांमधल्या बोळातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, म्हणजे आल्यागेल्याला दिसू नये. वर तारखा, खाली शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे बोलणंही अशक्य. मग काढ्याचे दिवस सुरू झाले. आत्या सोमवार-गुरुवार दोन बस बदलून थर्मास घेऊन यायची. काढ्याचा रंग तळ्याच्या तळासारखा होता आणि चवीबद्दल न बोललेलंच बरं. ठमी नाक दाबून प्यायची, मग दोघी चालायला जायच्या. आत्या वाटेत सगळ्या ओळखीच्या झाडांची विचारपूस करायची. शेकाने खरंच बरं वाटायचं, चालण्याने झोप लागायची, आणि आत्याच्या गप्पांनी हसून हसून पोट दुखायचं ते दुखणं निराळं.

पहिल्या महिन्यात पाळीच्या दिवसांत तक्त्यावर आठ लागले. दुसऱ्या महिन्यात सहा. तिसऱ्या महिन्यात चार. आत्याने तो चार पाहिला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून कपाटासमोर उभी राहिली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली. चार हा आकडा बाबांनी जरा जास्तच वेळ बघितला.

नेमकी त्याच आठवड्यात बाबांची दाढ ठणकायला लागली. ते अर्थातच लेकीच्या शिष्याकडे गेले. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, सुई दिली, तोंडात कापूस कोंबला, आणि रुग्णाला उत्तर देता येत नाही अशा वेळी सगळेच दातांचे डॉक्टर करतात तसं बोलायला सुरुवात केली.

"मॅडम कशा आहेत आता? गेल्या गुरुवारी फार त्रास झाला हो. मैदानात गाडी थांबवली आणि मागच्या सीटवर आडव्या झाल्या. पाऊण तास. मी बाहेर उभा. म्हटलं घरी सोडतो, तर म्हणाल्या घरी नको, आज गुरुवार, आत्या येणार. चेहरा पांढराफटक. मोठं उघडा जरा."

बाबांनी मोठं उघडलं. बोलायचं खूप होतं, पण दाढ डॉक्टरांच्या ताब्यात होती.

संध्याकाळी ठमी कामावरून आली तेव्हा बाबा कपाटाचं दार उघडून उभे होते. अर्धा गाल अजून बधिर होता आणि ओठ एका बाजूला लोंबत होता. त्यांनी गुरुवारच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे चाल कोणी लिहिले?"

"चार? मी लिहिले, बाबा."

"मागच्या फीटवल झोफून?"

ठमीला हसू फुटलं. बाबांचा तो वाकडा ओठ, ते गंभीर डोळे आणि ते फीट. ती हसत हसत बोळातल्या स्टुलावर बसली, आणि बसल्यावर लक्षात आलं की आपण हसत नाही आहोत. बाबा शब्द जुळवत, सावकाश म्हणाले, "एकतीस वर्षं मी लोकांचे काटे तपासले. जो तो माल असेल त्याहून जास्त दाखवायला बघायचा. कमी दाखवणारी तू पहिली भेटलीस."

"ती दोन बस बदलून येते, बाबा. थर्मास मांडीवर धरून. तिच्या तोंडाकडे बघून नऊ लिहवेना."

"नऊ होते?"

"नऊ. दुसऱ्या महिन्यातही आठच होते. थोडंफार बरं वाटायचं शेकून, पण ते तेवढ्यापुरतं." तिने डोळे पुसले. "आणि मलाच वाटत होतं की हे जमावं. काढ्याने जमलं असतं तर आजार छोटा ठरला असता. गोळी लागली म्हणजे मोठा."

"काट्यात फसवलं तर गिऱ्हाइकाचं नुकसान होतं," बाबा म्हणाले. "इथे गिऱ्हाईक कोण?"

"मीच."

बाबांनी खिशातून पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. तिने चारचे नऊ केले, सहाचे आठ केले. मग बाबा स्वयंपाकघरात गेले आणि दोघांसाठी चहा ठेवला. त्यांना तो एका गालाने पिता येईना, म्हणून त्यांचा कपही ठमीनेच संपवला.

आत्याला सांगायचं काम उरलं. बाबा म्हणाले, मी सांगतो. ठमी म्हणाली, नको, खोटं मी लिहिलं. सोमवारी आत्या आली, थर्मास उघडला, कप भरला. ठमीने कप हातात घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आत्या खुर्चीवर टेकली. "म्हणजे तू मला खूश ठेवायला प्यायलीस."

"तुझ्यासोबत चालायला जायला मला आवडायचं. ते खरं होतं."

"आणि काढा कसा लागायचा?"

"खरं सांगू?"

"आता तरी सांग."

"भिंत चाटल्यासारखा."

आत्याने तिच्या हातातला कप घेतला, एक घोट प्यायली, तोंड वाकडं केलं आणि उठून उरलेला मोरीत ओतला. "मी कधी चाखलाच नव्हता," ती म्हणाली. मग पाठमोरी उभी राहूनच बोलायला लागली. "तुझ्या आईलाही असंच व्हायचं. नवी नवी आली होती तेव्हा एकदा स्वयंपाकघरात खाली बसली, उठवेना. मला म्हणाली, ताई, फार दुखतंय. मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हटलं, बाईच्या जातीला सोसावंच लागतं, पोळ्या करपतायत. परत कधी तिने मला सांगितलं नाही. तुझं कळलं तेव्हा वाटलं, या खेपेला आपण काहीतरी करायचंच."

ठमीला आईचं हे माहीत नव्हतं. आई फक्त "दुखतंच" म्हणायची, आणि तो शब्द ती कुठून शिकली होती ते आज कळलं. तिला रागही आला आणि आत्याची दयाही आली, आणि दोन्हींतलं आधी काय बाहेर पडेल हे न कळल्यामुळे ती उठून आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींनी मिळून थर्मास घासला.

सोनोग्राफीत गाठ चार सेंटीमीटर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडी वाढली आहे, घाबरण्यासारखं नाही, पण आता निर्णय घ्या. ठमीने त्या रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोळी सुरू केली, कारण बाबांचं म्हणणं होतं की मोजणी नेहमी सकाळी सुरू करावी.

गोळीचे तीन महिने म्हणजे काही राजमार्ग नव्हता. पहिल्या महिन्यात अध्येमध्ये लाल डाग पडत राहिले, ठमी प्रत्येक पॅन्टच्या खिशात पॅड ठेवू लागली. डोकं चार-पाच दिवस दुखलं. आणि चिडचिड अशी की एका नवशिक्याने तिला विचारलं, "मॅडम, हॉर्न कधी वाजवायचा?" तर ती म्हणाली, "मला बोलायची इच्छा नसेल तेव्हा." नंतर तिने त्याची माफी मागितली आणि अर्धा तास जादा शिकवलं. बाबांनी तक्त्यात चिडचिडीचा एक नवा रकाना वाढवला. तो कोणी भरायचा यावर दोघांचं भांडण झालं, आणि भांडणाच्या आवाजावरून बाबांनी त्या दिवशीचे सात लिहून टाकले.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस ती सकाळी काहीच कारण नसताना उदास उठली. तिला मैत्रिणीचं रडणं आठवलं आणि भीती वाटली. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लिहून ठेवा, रोज असंच वाटायला लागलं तर गोळी बदलू, सोसत बसू नका. उदासी चार दिवस राहिली, मग ओसरली. पोटातली कळ मात्र त्या महिन्यात पाचवर आली. तिसऱ्या महिन्यात तीन. मधल्या एका दिवशी पुन्हा सहा लागले, का ते कुणालाच कळलं नाही, आणि तेही तिने सहाच लिहिले.

आत्या अजूनही सोमवार-गुरुवार यायची, थर्मास न घेता. चालणं चालू होतं, शेकायची पिशवी चालू होती. मध्ये एकदा तिने मन प्रसन्न ठेवणाऱ्या कसल्याशा पिवळ्या फुलांचा चहा आणला होता, पण या वेळी पुडा उघडण्याआधी तिने स्वतःहून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या फुलांनी गोळीचा असर कमी होऊ शकतो असं कळलं. आत्याने तो पुडा परत केला आणि दुकानदाराला दहा मिनिटं झापलं की असलं काही विकताना सोबत कागद का देत नाही.

तीन महिन्यांनी गाठ साडेतीनवर होती. जादू नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग? काय ठरवलं?"

"गोळी चालू ठेवते," ठमी म्हणाली. "शेकणं आणि चालणंही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मूल वगैरे काही मनात आलं तर तेव्हाचं तेव्हा बोलू."

बरोबर आलेल्या बाबांनी बाहेर थांबायचं ठरवलं होतं, पण आयत्या वेळी आत येऊन बसले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काही विचारायचं आहे का असं विचारलं. बाबा लाजले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "हिची आई असती, तर तिलाही हेच दिलं असतं का?"

"दिलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिने सांगितलं असतं तर."

येताना बाबांनी वाटेत एका कट्ट्यापाशी गाडी थांबवायला सांगितली. दोघं तिथे बसले आणि बाबांनी तिला आईच्या, लग्नाआधीच्या, तिने कधीच न ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. आईला पोहता येत होतं, हे ठमीला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी आत्या आली ती धापा टाकत. पहिली बस बंद पडली होती, दुसरी भरून गेली होती. पाणी पिऊन ती म्हणाली, "मी काय म्हणते, किती वयापर्यंत गाडी शिकवता गं तुम्ही?"

"डोळे तपासून घे, बाकी वयाचं काही नाही," ठमी म्हणाली.

"मग शनिवारपासून लिही माझं नाव. पण एक सांगते, रिव्हर्स मी शिकणार नाही. आयुष्यात कधी मागे गेलेली नाही."

शनिवारी सकाळी मैदानात आत्याने सीट पुढे घेतली, आरशात केस नीट केले, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी अशा थाटात सोडली की कडेला दाणे टिपणारी कबुतरं उडाली नाहीत, चालत बाजूला झाली. चार फेऱ्या झाल्या. ठमी शेजारी बसून बोलत होती, आत्या ऐकत नव्हती. पाळीची जुनी तारीख पोट न दुखताच उलटून गेली होती, आणि ते ठमीला दुपारी घरी आल्यावर, बाबा जेवायला वाढत असताना लक्षात आलं.